टेक्सासमध्ये पहिली वेकबोट किंवा स्की बोट घेताना: निवड, कागदपत्रं आणि हाताळणी

मार्च उजाडला की ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. "मुलांना वेकबोर्डिंगचं वेड लागलंय, जुनी बोट घ्यावी म्हणतोय, कुठली घेऊ?" (वेकबोर्डिंग म्हणजे बोटीमागे दोर धरून, एका फळीवर उभं राहून लाटेवरून उड्या घेणं.) कंपनीचं नाव सांगून मोकळं होता येतं, पण त्याचा फारसा उपयोग नसतो. मी उलट विचारतो: बोटीमागे कोण असणार, ते काय खेळणार, आणि बोट ओढायला दारात गाडी कुठली आहे?

या बोटींचं सगळं गणित वजनावर चालतं. मागची लाट वजनामुळे उठते, गाडी वजनामुळे अपुरी पडते, आणि बोटीचं नाक पाण्याखाली जातं तेही वजन नको तिथे सरकल्यामुळे. विक्रेता स्पीकर नि रंगाबद्दल बोलत राहील. तुम्ही मात्र किती वजन आणि ते कुठे, एवढं विचारत राहा.

खालचं सगळं टेक्सासमधल्या खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या वापरलेल्या बोटीबद्दल आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर कागदपत्रांचा भाग बदलेल, बाकीचा बहुतेक तसाच लागू पडेल.

१. आधी खेळ ठरवा

स्लॅलम स्की, म्हणजे एकाच स्कीवर नागमोडी जाणं, करणाऱ्याला बोटीमागची लाट जवळजवळ नकोच असते. स्पर्धेत पुरुषांचा कमाल वेग ताशी ३६ मैल आणि स्त्रियांचा ३४ मैल असतो. त्या वेगात लाट आडवी कापून जाताना ती जितकी बुटकी आणि मऊ, तितकं बरं. वेकबोर्डर साधारण २० ते २४ मैलांवर असतो आणि त्याला उडी घ्यायला टणक, उंच लाट लागते. वेकसर्फिंगमध्ये बोट जेमतेम १० ते १२ मैलांनी चालते. सुरुवातीला ओढून घेतलं की दोर सोडून माणूस नुसत्या लाटेवर तरंगतो, त्यामुळे लाट जितकी मोठी तितकी मजा.

या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. "सगळं करते" अशी जाहिरात असलेली बोट मिळते, पण ती यातलं एक चांगलं आणि बाकीचं चालवून घेण्याइतपत करते. घरात कोणीच स्लॅलम स्की करणार नसेल तर स्की बोटीच्या वाटेला जाऊ नका. याउलट तुमच्यातलं एखादं माणूस पूर्वी स्की करत असेल, तर भरलेल्या वेकबोटीमागे ते दोन फेऱ्यांत कंटाळेल.

२. इंजिन कुठे बसलंय ते बघा

बोटीचे प्रकार नावावरून ओळखायला जाऊ नका, इंजिनाच्या जागेवरून ओळखा.

डायरेक्ट ड्राइव्ह: इंजिन मधोमध, एका पेटीखाली. तिथून दांडा सरळ तिरका खाली जातो आणि त्याला पंखा. वजन मध्यावर असल्यामुळे बोट सपाट बसते आणि लाट बुटकी राहते. खरी स्की बोट ती हीच. स्की नॉटिक, मास्टरक्राफ्टची प्रोस्टार, मालिबूची रिस्पॉन्स ही यातली जुनी घराणी. १९९०च्या दशकातल्या अशा बोटी साधारण अडीच ते तीन हजार पौंडांच्या असतात आणि चांगल्या अवस्थेत मिळाल्या तर पैशाचं चीज होतं. इंजिनाची पेटी मध्येच असल्यामुळे बसायला जागा कमी, एवढीच तक्रार.

व्ही-ड्राइव्ह: इंजिन मागे, उलट्या तोंडाने बसवलेलं. दांडा आधी पुढे जातो, गिअरपेटीतून वळून परत मागे येतो. त्यामुळे मध्ये मोकळी जागा मिळते आणि वजन मागे जातं, म्हणजे लाट मोठी होते. आजच्या जवळपास सगळ्या वेकबोटी याच जातीच्या. मोठ्या मॉडेलांचं कोरडं वजन पाच-सहा हजार पौंड असतं. वर टाक्यांत पाणी भरून आणखी दोन-तीन हजार पौंड चढवता येतात. याला बॅलास्ट म्हणतात. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंडांचं, त्यामुळे तीन हजार पौंड म्हणजे ३६० गॅलन पाणी बोटीच्या पोटात.

स्टर्नड्राइव्ह आणि आउटबोर्ड: इंजिन मागच्या टोकाला, पहिल्यात आत आणि दुसऱ्यात बाहेर टांगलेलं. पंखा बोटीच्या मागे उघडा असतो. ट्यूबिंग, साधं स्कीइंग, थोडं वेकबोर्डिंग चालतं. वेकसर्फिंग मात्र अजिबात नाही. सर्फर बोटीच्या अगदी मागे असतो आणि पडला तर लाटेबरोबर पुढे ओढला जाऊ शकतो. वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारांत पंखा तळाखाली, बराच आत असतो. स्टर्नड्राइव्हमध्ये अपवाद फक्त पुढे तोंड केलेल्या पंख्यांचा. व्होल्वो पेंटाने ते २०१५ मध्ये आणले, नंतर मर्क्रूझरनेही. जाहिरातीत नुसतं 'सर्फ रेडी' लिहिलेलं असेल तर खाली वाकून पंखा डोळ्यांनी बघा.

३. कंपन्यांची तुलना: जितकं भांडतात तितकं काही नसतं

नॉटिक बनवणारी करेक्ट क्राफ्ट १९२५ सालची, फ्लोरिडातली. मास्टरक्राफ्ट १९६८ची आणि मालिबू १९८२ची, दोघींचे मुख्य कारखाने आता टेनेसीत. या तिघी वरच्या भावातल्या, आणि त्यांच्या भक्तांमधले वाद ऐकले तर पुण्यातले मिसळीवरचे वाद सौम्य वाटतील. मूंबा आणि सुप्रा एकाच घरच्या, त्यातली मूंबा स्वस्त. ॲक्सिस ही मालिबूचीच कमी झगमगाटाची बहीण. टिगे आपल्या टेक्सासमधल्या ॲबिलीनची, त्यामुळे इथे सुटे भाग आणि जाणकार दोन्ही सापडतात.

नवी मोठी वेकबोट दीड-दोन लाख डॉलरच्या पुढे सहज जाते, म्हणून बहुतेकांची पहिली बोट जुनीच असते. जुनीत माझा क्रम असा: आधी आधीच्या मालकाची देखभाल, मग इंजिन, मग तळ, आणि कंपनी चौथी. यातली बहुतेक इंजिनं मुळात जनरल मोटर्स किंवा फोर्डची गाडीची इंजिनं असतात. पीसीएम, इंडमार आणि इल्मोर ती बोटीसाठी तयार करतात, त्यामुळे भाग मिळायची अडचण सहसा नसते.

एक गोष्ट पाहूनच घ्या: वेग राखणारी यंत्रणा. परफेक्ट पास किंवा झीरो ऑफ असं नाव दिसेल. ती नसेल तर नवशिक्या चालकाच्या हातून वेग सतत वरखाली होतो आणि मागचा माणूस वैतागतो. सर्फिंगसाठी २०१३ नंतरच्या बोटींत मागे पाती असलेली यंत्रणा मिळू लागली (मालिबूची सर्फ गेट त्यातली पहिली गाजलेली). ती नसेल तर एका बाजूची टाकी भरून बोट कलती करावी लागते. तसं करूनही लाट छान होते, फक्त कटकट जास्त आणि बाजू बदलायला वेळ लागतो.

४. गाडी आणि ट्रेलर

आपल्याकडे इथेच गाडं अडतं. ओडिसी किंवा सिएना ३,५०० पौंड ओढते, हायलँडर ५,०००. आता बेरीज करा: बोट ४,५०० पौंड, ट्रेलर सुमारे १,२००, पेट्रोल गॅलनला ६ पौंड, वर दोर, बोर्ड, जॅकेट, बर्फाची पेटी. मध्यम वेकबोटसुद्धा सहा हजारांच्या पुढे गेली. पिकअप किंवा मोठी एसयूव्ही नसेल तर एक तर हलकी स्की बोट घ्या, नाही तर बोट तळ्यावरच भाड्याच्या जागेत ठेवा. "जवळच तर जायचंय" हे कारण रॅम्पच्या चढावर चालत नाही.

ट्रेलरबद्दल तीन गोष्टी बघा.

टायरच्या बाजूला डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलायचे, कारण ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वाळतात.

सर्ज ब्रेक (गाडी थांबताना ट्रेलरच्या पुढे रेटण्याने आपोआप लागणारे) असतील तर विजेच्या जोडणीत पाचवी तार आहे का ते बघा. ती रिव्हर्समध्ये ब्रेक मोकळे ठेवते. तुमच्या गाडीला चार तारांचं सॉकेट असेल तर चढावर ट्रेलर मागे ढकलताना चाकं जाम होतील आणि तुम्ही गाडीतच काहीतरी बिघडलं म्हणून शोधत बसाल.

हुकवर पडणारा भार एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के असावा. फारच कमी असेल तर हायवेवर ट्रेलर डुलतो.

५. बोट तपासणं

विक्रेत्याला आधीच सांगा: इंजिन थंड असू द्या, मी आल्यावर सुरू करू. गरम इंजिन सुरू व्हायची अडचण लपवतं. इंजिन गार आहे का ते हात लावून बघा, मगच पुढे बोला.

जमिनीवर: तळाखाली आडवं पडून दांडा, पंखा आणि सुकाणू बघा. पंखा हाताने फिरवला तर सहज आणि एकसारखा फिरला पाहिजे. दांडा वरखाली हलत असेल तर बेअरिंग गेलंय. टॉवरच्या (दोर बांधायच्या उंच कमानीच्या) पायाशी बारीक चिरा सहसा वरवरच्या असतात. तळाच्या कडेला चिरा दिसल्या तर कुठे तरी आपटल्याची कहाणी असते. १९९०च्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच बोटींत आतले आधार लाकडाचे आहेत. इंजिनाचे बोल्ट घट्ट करून बघा. ते नुसते फिरत राहिले तर लाकूड कुजलंय, आणि ती दुरुस्ती बोटीच्या किमतीलाही भारी पडू शकते.

इंजिनात: दांडीवरचं तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, तिथूनच घरी परत या. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असावेत. मीटरवर तास किती यावर फार अडू नका. नियमित चाललेली हजार तासांची बोट ही पाच वर्षं अंगणात झाकून ठेवलेल्या दोनशे तासांच्या बोटीपेक्षा मी बिनदिक्कत घेईन.

पाण्यात: पाण्यावर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, "पाणी उतरलंय" ही सबब ऐकू नका. तापमानाचा काटा एका जागी स्थिरावून राहिला पाहिजे, बऱ्याच इंजिनांत १६० अंश फॅरनहाइटच्या आसपास. पूर्ण वेगात जा, थांबा, तळाचं झाकण उघडून आत पाणी आलंय का बघा. जुन्या पद्धतीच्या पॅकिंगमधून दांड्यापाशी थेंब-थेंब पाणी येणं ठीक आहे, धार ठीक नाही. बॅलास्टचा प्रत्येक पंप भरून आणि उपसून दाखवायला सांगा. विक्रेते इथे "तो एक तेवढा अडकतो" म्हणतात. तो बदलायचे पैसे किमतीतून वजा करा.

बोट तपासून देणारे सर्व्हेयर मिळतात, पण या बोटींसाठी मी माणूस ओढणाऱ्या बोटींवरच काम करणारा मेकॅनिक पसंत करतो. त्याला कुठल्या वर्षाच्या मॉडेलचं काय बिघडतं हे तोंडपाठ असतं.

६. कागदपत्रं

टेक्सासमध्ये बोट टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफकडे नोंदते आणि ट्रेलर काउंटीच्या टॅक्स ऑफिसात. दोघांची टायटलं, म्हणजे मालकीचे दाखले, वेगळी असतात. विक्रेता बोटीचं टायटल दाखवतो आणि "ट्रेलरचं पाठवून देतो" म्हणतो, तिथे सौदा थांबवा.

पैसे देण्याआधी बोटीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातला बारा अक्षर-अंकांचा हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) टायटलशी जुळवा. तोच नंबर पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या संकेतस्थळावर टाकून नोंदीवर मालक कोण आणि कर्ज आहे का ते तपासा. कर्ज असेल तर बँकेचं मुक्तिपत्र हातात आल्याशिवाय सही नाही.

बरोबर लागतं ते हे:

- बोटीचं मूळ टायटल, मागे विक्रेत्याची सही
- बोटीचा अर्ज, पीडब्ल्यूडी १४३
- ट्रेलरचं टायटल आणि अर्ज, १३०-यू
- बिल ऑफ सेल, बोट आणि ट्रेलरची किंमत वेगवेगळी लिहिलेलं
- कर्ज फिटल्याचं पत्र, लागू असेल तर
- फोटो ओळखपत्र
- विक्री कराचे पैसे, बोटीवर ६.२५ टक्के

नोंदणी दोन वर्षांची असते. टीएक्सने सुरू होणारा क्रमांक दोन्ही बाजूंना, बोटीच्या पुढच्या अर्ध्या भागात, निदान तीन इंची अक्षरांत लावायचा. विम्याची कायद्याने सक्ती नाही, पण मरीना आणि कर्ज देणारी बँक तो मागतात. मागत नसले तरी घ्या.

१ सप्टेंबर १९९३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला अशी बोट चालवायला बोटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. आधी जन्मलेल्यांना सूट आहे. ती घेऊ नका, कोर्स करा.

७. बोटीत काय असलं पाहिजे

माणशी एक मापाचं लाइफ जॅकेट. १३ वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत ते घातलेलंच पाहिजे. फेकायचं एक तरंगतं साधन, शिट्टी, दिवे, अग्निशामक. एकदाच वापरायचा अग्निशामक त्याच्या तळावरच्या वर्षापासून बारा वर्षांनी बाद होतो. जुन्या बोटीत हा हमखास बाद झालेला सापडतो. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवणं २०१९ पासून राज्याचा आणि २०२१ पासून देशाचा कायदा आहे. मागचा माणूस बघायला निदान १३ वर्षांची एक व्यक्ती किंवा रुंद आरसा लागतो. आरसा असला तरी माणूस ठेवाच.

इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (आतली वाफ बाहेर फेकणारं यंत्र) चालवा. इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि पेट्रोलची वाफ खाली साठते.

८. धक्क्याला लावणं

या बोटी वेगात लोण्यासारख्या वळतात आणि हळू चालताना हट्टीपणा करतात. कारण साधं आहे: पंख्याने फेकलेलं पाणी सुकाणूवर आदळतं तेव्हाच बोट वळते. न्यूट्रलमध्ये वळण जवळपास नाही, रिव्हर्समध्ये तर नाहीच. म्हणून आधी चाक फिरवायचं, मग क्षणभर गिअर टाकून काढायचा. वेग वाढत नाही, बोट मात्र वळते.

रिव्हर्समध्ये बोटीचा मागचा भाग एका ठरावीक बाजूला सरकतो. कुठल्या, ते पंखा कोणत्या दिशेने फिरतो त्यावर असतं. मोकळ्या पाण्यात, वारा नसताना, चाक सरळ ठेवून रिव्हर्स टाका आणि बघा. समजा डावीकडे सरकला. मग शक्य तेव्हा डावी बाजूच धक्क्याला लावा. साधारण वीस-तीस अंशांच्या कोनात हळू या, शेवटी चाक धक्क्यापासून दूर वळवून थोडा रिव्हर्स. बोट थांबता थांबता मागची बाजू आपोआप आत येते. विरुद्ध बाजूने कराल तर दर वेळी भांडण.

ज्या वेगाने आपटलं तरी चालेल त्याच वेगाने धक्क्याजवळ या. आणि हाताने किंवा पायाने बोट अडवू नका, पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवा. चार हजार पौंड पायाने थांबत नाहीत.

९. माणूस ओढणं

दोर हळू ताणून घ्या, मागचा माणूस "हिट इट" म्हणाला की एकसारखा जोर द्या. नवशिक्यासाठी धसका देऊ नका, हळूहळू चढवा. सरळ रेषेत जा, त्याच रेषेत परत या. माणूस पडला की वेगातच गरकन वळायचा मोह होतो, तो आवरा. आधी वेग सोडा, मग वळा. वेगात वळलेल्या बोटीच्या लाटा तळ्यावर बराच वेळ हेलकावत राहतात आणि पुढच्या फेरीत तुमच्याच माणसाला धडका देतात. परत आल्यावर माणूस चालकाच्या बाजूला, चालकाच्या नजरेत ठेवा. तो मागच्या फळीला हात लावण्याआधी इंजिन बंद, न्यूट्रल नव्हे.

सर्फिंगमध्ये डावा पाय पुढे ठेवणारा डावीकडच्या लाटेवर आणि उजवा पाय पुढे ठेवणारा उजवीकडच्या. दोर हाताला गुंडाळायचा नाही.

आता ज्याच्याबद्दल मी सगळ्यात जास्त कटकट करतो ते. टाक्या भरलेल्या आणि पुढच्या बाकांवर मुलांची गर्दी, अशात चालकाने एकदम वेग सोडला की बोटीची स्वतःचीच लाट मागून येते, नाक खाली जातं आणि पाणी थेट आत. क्षमतेच्या पाटीवर माणसांचा आकडा आणि वजन असतं. टाक्या भरल्या की त्या वजनातून बॅलास्ट वजा धरायचं, अशी माझी पद्धत आहे. वेग सावकाश सोडा. समोर मोठी लाट दिसली तर पुढच्यांना मागे बोलवा आणि थोडा जोर देऊन नाक वर ठेवा. घाबरून वेग पूर्ण सोडणं तेव्हा सगळ्यात वाईट.

आणि इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणी बसायचं नाही. धूर तिथेच निघतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतंय, गरगरतंय, हे लोक उन्हावर ढकलतात. मागे बसलेलं मूल असं म्हणालं तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्या.

१०. परत निघताना आणि हिवाळ्याआधी

टेक्सासमध्ये सार्वजनिक तळ्यावर येताना आणि निघताना बोटीतलं सगळं पाणी काढणं २०१४ पासून बंधनकारक आहे, बोटीतल्या पाण्यातून पसरणाऱ्या झेब्रा शिंपल्यांमुळे. टेक्सोमा तळ्यात ते २००९ मध्ये सापडले, ट्रॅव्हिस आणि ऑस्टिन तळ्यांत २०१७ मध्ये. वेकबोटीत फक्त बूच काढून भागत नाही, बॅलास्टच्या टाक्याही उपसाव्या लागतात आणि तळाशी थोडं पाणी राहतंच. दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी आठवडाभर झाकणं उघडी ठेवून वाळवा.

पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर दरवर्षी बदला आणि एक जादा बोटीत ठेवा. पाण्याबाहेर नळी न जोडता इंजिन सुरू केलं तर तो काही क्षणांत फाटतो.

"इथे कुठे बर्फ पडतो" म्हणणाऱ्यांच्या इंजिनांना २०२१च्या फेब्रुवारीतल्या थंडीने तडे दिले. डिसेंबर लागायच्या आत ब्लॉकची बुचं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंप, हीटर असेल तर त्याच्या नळ्या, आणि बॅलास्टचे पंप, सगळ्यांतून पाणी काढा. बूच काढल्यावर पाणी आलं नाही तर आत गाळ अडकलाय, तारेने मोकळं करा. काढलेली सगळी बुचं एका पिशवीत घालून ती पिशवी चालकाच्या चाकाला बांधून ठेवा. वसंतात बोट रॅम्पवर नेण्याआधी ती पिशवी रिकामी झालेली असली पाहिजे.